हॉटेलात मुलांना काय खायला द्यायचं? निघण्यापासून परतेपर्यंतचं सगळं

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर फिरून झालं आणि रात्री साडेआठला एका फॅमिली हॉटेलात शिरलो. धाकटा पाच वर्षांचा, भुकेनं रडकुंडीला आलेला. कार्डाच्या शेवटच्या पानावर खास मुलांसाठी म्हणून चार पदार्थ छापले होते: फ्रेंच फ्राइज, नूडल्स, चीज सँडविच आणि चॉकलेट मिल्कशेक. नाइलाजानं मी नूडल्स सांगणार, तेवढ्यात वाढणारे काका म्हणाले, “ताई, पोराला अळणी आणतो की. भातात कालवून खाऊ दे.”

दोन मिनिटांत वाटी आली. मटण शिजवलेलं पाणी, त्यात मीठ आणि हळद, तळाशी मऊ शिजलेले दोन तुकडे. मिरची नाही, मसाला नाही. कोल्हापूरकडच्या घरांत मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी हे अळणी बाजूला काढतात, मग उरलेल्याचा तांबडा रस्सा होतो. धाकट्यानं भात कालवला, तुकडे बोटांनी सोडवून खाल्ले आणि पुन्हा वाटी पुढे केली. कार्डावर अळणीचं नाव कुठेही नव्हतं.

त्या रात्रीपासून मी हॉटेलातलं मुलांचं पान उघडतच नाही. साधं, मुलांना सोसेल असं अन्न जवळजवळ प्रत्येक हॉटेलच्या स्वयंपाकघरात असतं. ते छापलेलं नसतं, मागावं लागतं, आणि नेमक्या शब्दांत मागावं लागतं. ते कसं मागायचं, हे गेल्या काही वर्षांत वाढप्यांना, खानावळीतल्या मावश्यांना आणि एका ओळखीच्या आचाऱ्याला विचारून विचारून शिकले. ते सगळं इथे लिहितेय.

निघायच्या आधी

बाहेरच्या जेवणाचं गणित बहुतेक वेळा वेळेमुळे बिघडतं. मुलं घरी साडेसात-आठला जेवतात. आपण आठला निघतो, गाडी लावायला जागा शोधतो, रांगेत नाव देतो, नऊला बसायला मिळतं आणि ताट समोर यायला साडेनऊ होतात. एवढ्या वेळात मूल पापड, सॉस, आधी आलेले चटपटीत स्टार्टर आणि कोल्ड्रिंक यांवर पोट भरून घेतं. मग जेवण आल्यावर “भूक नाही” म्हणतं आणि आपण त्याच्यावर चिडतो. त्यात त्याची काय चूक?

म्हणून शनिवार-रविवारी शक्यतो सातला पोहोचावं. तेव्हा गर्दी कमी असते, स्वयंपाकघर मोकळं असतं आणि “मुलासाठी जरा वेगळं करून द्याल का?” याला होकार मिळतो. साडेनऊच्या गर्दीत आचाऱ्याला असं काही सांगून उपयोग नसतो. लवकर जाणं जमणार नसेल, तर निघताना एक केळं, अर्धी पोळी-तूप किंवा वाटीभर दही-पोहे द्यावेत. “आता खाल्लं तर तिथे जेवणार नाही” अशी भीती आपल्याला वाटते, पण थोडं खाऊन गेलेलं मूल शांत बसतं आणि जेवणही नीट जेवतं. उपाशी मूल हाताला लागेल ते खातं.

हॉटेल निवडतानाही थोडा विचार हवा. मुलं सोबत असतील तेव्हा जिथे भाकरी, फुलके, आमटी, उसळ किंवा इडली मिळते तिथे जावं. जिथे सगळंच तळणीतून किंवा पाकिटातून निघतं, तिथे कितीही अक्कलहुशारीनं मागवलं तरी हाताला फारसं काही लागत नाही.

“तिखट कमी करा” म्हटल्यावर आत काय होतं

ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती प्रत्येक आईबापाला ठाऊक असायला हवी असं वाटतं. पंजाबी पद्धतीच्या भाज्या देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार होतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू आणि मगजबीची (खरबुजाच्या सोललेल्या बियांची) पांढरी, शिवाय एखादी पिवळी. आपण भाजी सांगितली की पळीभर ग्रेव्ही कढईत पडते, त्यात पनीर किंवा भाज्या जातात आणि पाच मिनिटांत डिश बाहेर येते. लाल ग्रेव्हीत तिखट आधीच मुरलेलं असतं. ते काढता येत नाही. त्यामुळे “तिखट कमी करा” असं सांगितलं की आचारी त्यात क्रीम, बटर आणि चमचाभर साखर घालतो. तिखट दबतं, मुलं मिटक्या मारत खातात आणि आपल्याला वाटतं, सौम्य भाजी मिळाली. प्रत्यक्षात लोणी आणि साखर वाढलेली असते.

म्हणून मुलासाठी ग्रेव्हीची भाजी सांगूच नये. आपल्या ऑर्डरनंतर ज्याची फोडणी पडते, असा पदार्थ सांगावा. आत काय काय उकडून तयार ठेवलेलं असतं ते लक्षात घेतलं की मागणं सोपं होतं. मीठ-हळद घालून शिजवलेली तूरडाळ जवळपास सगळीकडे असते, डाळ फ्राय आणि डाळ तडका त्यातूनच होतात. मोकळा भात असतो, उकडलेले बटाटे असतात, मटार, पालक, कधी छोले-राजमा असतो, अंडी असतात. याच सामानातून मुलाचं जेवण निघतं. मी साधारण या शब्दांत सांगते:

“दादा, नुसती उकडलेली डाळ आणा. फोडणी फक्त जिरं-हिंगाची, तिखट नको, वरून तडका नको.”

“डाळ खिचडी मऊ करा, लाल मिरचीची फोडणी वरून घालू नका, बटर नको, तूप वेगळं वाटीत द्या.”

“जिरा आलू नुसते जिरं-मीठ-हळदीत परता. त्यात मटार असले तर घाला.”

“अंड्याची भुर्जी मिरची-मसाला न घालता, कांदा-टोमॅटो चालेल.”

“कमी” म्हणण्यापेक्षा “नको” म्हणावं. ‘कमी तिखट’ म्हणजे किती, हे प्रत्येक आचाऱ्याचं वेगळं असतं. ‘मिरची नको’ हे सगळ्यांना सारखंच कळतं. आणि पदार्थाच्या नावानं विचारण्याऐवजी तो कसा होतो ते विचारावं: “यात तयार ग्रेव्ही पडते का?” वाढपी खरं सांगतात, असा माझा अनुभव आहे.

पोळीचंही तसंच. नान आणि कुलचा मैद्याचे. तंदुरी रोटी निवली की वातड होते, लहान मूल ती चघळत बसतं आणि कंटाळून सोडून देतं. फुलका किंवा तव्यावरची पोळी मिळत असेल तर ती घ्यावी, भाकरी असेल तर फारच छान. गरम भाकरी चुरून, वरून वरण आणि तूप घातलं की माझी दोन्ही मुलं बोलायचीही थांबतात.

मुलांचं आधी

ऑर्डर देताना पहिलं वाक्य मुलांचं असावं. “डाळ, भात आणि दही आधी आणा, बाकीचं सावकाश आलं तरी चालेल.” उकडलेलं तयारच असल्यानं हे दहा मिनिटांत येतं. मूल खायला लागतं आणि टेबलावर शांतता येते. तोवर काकडी-गाजराची कोशिंबीर किंवा काप सांगता येतील. मात्र पावसाळ्यात आणि पाण्याची खात्री नसलेल्या ठिकाणी कच्चं सॅलड मी मुलांना देत नाही. तिथे गरम सूप बरं, तेही टोमॅटोचं किंवा डाळीचं. मक्याच्या घट्ट सूपचा घट्टपणा बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअरचा असतो.

मसाला पापड आणि मंच्युरियन मोठ्यांसाठी आलंच, तर ते मुलांचं जेवण सुरू झाल्यावर येऊ द्यावं. मग त्यातला एक तुकडा त्यांनी मागितला तर आनंदानं द्यावा. जेवणानंतरचा एक तुकडा आणि रिकाम्या पोटी अर्धी प्लेट यात खूप फरक आहे.

दोनच पर्याय देणं हाही एक उपयोगी नियम. “तुला काय हवं?” असं विचारलं की उत्तर कायम पिझ्झा. “इडली की उत्तप्पा?” असं विचारलं की मूल खरोखर विचार करतं. माझी नऊ वर्षांची लेक आता स्वतःच वाढप्याला सांगते, “काका, माझ्या उत्तप्प्यावर टोमॅटो जास्त आणि तेल कमी.” तिचं तिनं सांगितलेलं ती संपवतेही. आणि नाही संपवलं तर तिथेच आग्रह सोडून द्यावा. पैसे दिलेत म्हणून पोट भरल्यावरही चार घास कोंबायला लावणं मुलांसाठी वाईट आहे. भूक संपल्याचं त्यांचं त्यांना कळतं, ते कळणं टिकू द्यावं.

थाळी: मुलांसाठी उत्तम, पण वाढण्याचा क्रम बदलून घ्या

थाळीत मुलासाठी चांगलं काय असतं? लहान लहान वाट्या. आमटी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, दही, भात. घरी जी भाजी ताटातून बाजूला सरकवली जाते, ती इथे वाटीत वेगळी असल्यानं मूल चाखून पाहतं. पण अमर्यादित थाळीच्या बऱ्याच ठिकाणी बसल्या बसल्या ढोकळा, भजी आणि जिलेबी वाढून जातात. मूल पहिल्या पाच मिनिटांत जिलेबी आणि भजी खाऊन मोकळं होतं. म्हणून बसतानाच सांगावं, “मुलांना गोड शेवटी वाढा.” कुणी वाईट मानत नाही.

लहान मुलांसाठी वेगळी थाळी घ्यायचीच असेल तर बऱ्याच ठिकाणी वयानुसार निम्मा दर असतो. चार वर्षांच्या आतल्या मुलाला बहुधा आपल्याच थाळीतलं पुरतं. एक रिकामी ताटली आणि दोन वाट्या मागून घ्याव्यात. गुजराती पद्धतीच्या डाळीत आणि कढीत गूळ-साखर असते हे ध्यानात ठेवावं. वेगळं गोड मग कमी द्यावं, इतकंच.

आपापल्या मुलखातलं

महाराष्ट्रात फिरताना प्रत्येक भागात मुलांजोगं काहीतरी असतं. मिसळ घ्या. कट किंवा तर्री नसलेली मिसळ म्हणजे मटकीची किंवा वाटाण्याची उसळ, आणि ती मुलांसाठी बाहेर मिळणाऱ्या सगळ्यात चांगल्या पदार्थांपैकी एक. “उसळ वेगळ्या वाटीत, कट नको, फरसाण नको, सोबत दही” असं सांगायचं. पुण्यात मिसळीत पोहेही असतात, ते चालतात. नागपूरच्या तर्री पोह्यांतही हाच उपाय: तर्री नको, त्यातले हरभरे थोडे पाण्यातून काढून पोह्यांवर घ्यायचे. सावजीच्या रश्श्याला मात्र मुलांच्या वाटेला जाऊ देऊ नये. तिथे भाकरी, दही आणि उकडलेलं अंडं मागावं.

मटण-चिकनच्या ठिकाणी अळणी आहे का, हे कोल्हापूरबाहेरही विचारून पाहावं. नगर, सोलापूरकडच्या कित्येक खानावळींत मिळतं. नसेलच, तर पांढरा रस्सा तांबड्यापेक्षा सौम्य असतो, पण त्यातही मिरी-लवंग असते. आधी आपण चाखावा. मसाल्यातला तुकडा पाण्यात धुऊन देण्याची सवय आपल्यातल्या अनेक आयांना आहे, मलाही होती. त्यानं तिखट थोडं उतरतं, मीठ आणि तेल आतच राहतं आणि मुलाच्या ताटात बेचव चोथा पडतो. भाजलेली मलई टिक्का किंवा उकडलेली अंडी त्याहून बरी.

कोकणात आणि गोव्यात मुलांची चंगळ असते. सकाळी घावन, आंबोळी, दुपारी मासळीचं जेवण. रवा लावून तळलेल्या तुकडीपेक्षा “नुसतं हळद-मीठ-लिंबू लावून तव्यावर भाजा” असं सांगितलं की घरगुती खानावळीतल्या मावशी कौतुकानं करून देतात. पापलेटाला आणि सुरमईच्या तुकडीला काटे मोठे आणि कमी, ते लहानांना सोपे. बांगडा चवीला छान, पण काटे आपण स्वतः काढून, बोटांनी चाचपून मगच द्यावा. खोबऱ्याच्या कालवणातलं तिखट चाखून भातावर दोन चमचे घालावं. सोलकढीत हिरवी मिरची आणि लसूण वाटून घातलेली असते का, ते विचारून घ्यावं.

उडुपी हॉटेल हा तर हमखास आधार. इडली वाफवलेली, सोबत सांबारात डाळ आणि भाज्या. डोसा सांगताना “बटर नको, तेल कमी, भाजी वेगळी” एवढं बोललं तरी पुरतं. मेदूवडा तळलेला असतो, त्यामुळे एक वडा सगळ्यांत. साबुदाण्याची खिचडी मात्र उपासाची आहे म्हणून हलकी, असं समजू नये. ती पिठूळ असते, तूप-तेल भरपूर असतं आणि त्यातले दाणे सोडले तर पोषण थोडं. त्यापेक्षा थालीपीठ आणि दही कितीतरी चांगलं.

मोठ्या साखळी हॉटेलांत बोर्ड वाचा

पिझ्झा-बर्गरच्या ठिकाणी कधीतरी जावंच लागतं. वाढदिवस असतो, मित्र असतात. तिथे एक चांगली सोय आहे जी आपण वापरत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (FSSAI) केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी प्रत्येक पदार्थापुढे त्याच्या कॅलरी लिहिणं भारतात बंधनकारक आहे. हा नियम याच प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांतला, आणि 1 जुलै 2022 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मेनूबोर्डावर किंवा कार्डावर बारीक अक्षरात हे आकडे असतात, सोबत एक वाक्य असतं की सरासरी कामसू प्रौढाला दिवसाला 2,000 किलोकॅलरी लागतात.

हा 2,000 चा आकडा मोठ्यांचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात 4 ते 6 वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज 1,360 किलोकॅलरी आणि 7 ते 9 वर्षांच्या मुलाची 1,700 दिली आहे. म्हणजे बोर्डावर 680 लिहिलेला बर्गर पाच वर्षांच्या पोराचा अर्धा दिवस झाला, वर फ्राइज आणि शीतपेय वेगळंच. हे एकदा डोक्यात बसलं की निर्णय आपोआप होतात: मोठा बर्गर दोघा भावंडांत अर्धा अर्धा, पातळ बुडाचा भाज्यांचा पिझ्झा सगळ्यांत मिळून, जादा चीज नाही, आणि ‘कॉम्बो’ तर नाहीच. कॉम्बोत स्वस्त पडतं म्हणून आपण फ्राइज आणि पेय घेतो, जे मुलानं मागितलेलंच नसतं.

चायनीजमध्ये लोक अजिनोमोटोवर अडून बसतात. मला त्यापेक्षा सॉसमधल्या मिठाची काळजी जास्त वाटते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनाही दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, मुलांना त्याहूनही कमी. सोया सॉस, शेजवान चटणी आणि तयार सूप यांत ती मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही. साधा वाफवलेला भात, त्यावर सॉस न घालता परतलेल्या भाज्या किंवा अंडं, असं सांगितलं तर तिथेही चांगलं जेवण होतं.

पेयं

एका बाबतीत मी अजिबात सैल सोडत नाही, ती म्हणजे बाटलीतलं गोड पेय. 300 मिलिलिटर कोलात साधारण 30 ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सात-आठ चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दिवसाच्या ऊर्जेतला वरच्या साखरेचा वाटा 10 टक्क्यांच्या आत हवा, 5 टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. पाच वर्षांच्या मुलाचा हिशेब काढला तर 10 टक्के म्हणजे 34 ग्रॅम. एका बाटलीत दिवसाचा जवळजवळ सगळा कोटा संपला, आणि सकाळचं बोर्नव्हिटा, बिस्किटं अजून धरलीच नाहीत. आंब्याच्या तयार पेयांचंही वेगळं काही नाही. बाटलीवर आंबा छापलेला असला तरी मुख्य घटक पाणी आणि साखर.

मग काय द्यायचं? सगळ्यात आधी साधं पाणी, घरून आणलेलं किंवा सीलबंद. मग ताक, शहाळं, कमी साखरेचं लिंबू किंवा कोकम सरबत. रसवाल्याकडे गेलात तर ऑर्डर देतानाच “साखर नको, बर्फ नको” म्हणावं. न विचारता पाक घालायची पद्धत जवळजवळ सगळीकडे आहे, आणि एकदा मिक्सर फिरला की काही करता येत नाही. ताज्या रसालाही हात आखडता ठेवावा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात दोन वर्षांच्या आत फळांचा रस नको, 2 ते 5 वर्षांपर्यंत दिवसाला 125 मिलिलिटर आणि त्यापुढे 250 अशी मर्यादा आहे. अख्खं फळ मात्र हवं तेवढं खाऊ द्यावं. कोल्ड कॉफी मुलांसाठी नाही. पाच वर्षांच्या आत तर चहाही नको.

आइस्क्रीम सगळ्यांत मिळून एक, चार चमचे. मुलांना वाटीपेक्षा चमचा मोजायला आवडतो. घेताना नाव वाचावं: ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं.

अगदी लहान बाळं आणि ॲलर्जी

वर्षाच्या आतल्या बाळाला हॉटेलचं काही देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. मीठ-साखर त्याला नकोच, आणि मधही वर्षाच्या आत अजिबात नको. डब्यात मऊ खिचडी, केळं, घरचं दही न्यावं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला इडली पाण्यात भिजवून किंवा डाळीच्या पाण्यात कुस्करून चालते. चार वर्षांच्या आत अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं देऊ नयेत, घशात अडकतात. पोह्यांत आणि चिवड्यात दाणे असतातच, ते वेचून काढावेत.

दाण्याची किंवा काजूची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईवडिलांनी तर मराठी जेवणाच्या ठिकाणी अधिक जपावं. दाण्याचं कूट काकडीच्या कोशिंबिरीत असतं, पालेभाजीत असतं, वांग्यात असतं, खिचडीत असतं, आणि कुणाला ते ‘पदार्थात आहे’ असं वाटतही नाही. “दाणे आहेत का?” एवढंच विचारू नका, “दाण्याचं कूट आहे का, दाण्याची चटणी आहे का, तळणाचं तेल शेंगदाण्याचं आहे का?” असं सुटं सुटं विचारा. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू असतो, हे धरूनच चाला.

हायवेवर

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरचे फूड मॉल असोत की सोलापूर रस्त्यावरचे धाबे, प्रवासात मुलांची भूक अवेळी लागते आणि समोर वडापाव दिसतो. ताजा, आपल्यासमोर घाण्यातून निघालेला वडा अधूनमधून खाल्ल्यानं काही बिघडत नाही. फक्त कढईतलं तेल बघावं. काळपट झालंय, घट्ट दिसतंय, फेस धरतंय, वड्याआधीच धूर येतोय, तर पुढे निघावं. वापरून वापरून खराब झालेल्या तेलासाठी देशात 1 जुलै 2018 पासून मर्यादा ठरवून दिली आहे, पण रस्त्यावर आपले डोळे हेच मोजमाप.

घाटातून जायचं असेल, आंबा किंवा कुंभार्ली, तर त्याआधी मुलांना तेलकट आणि दुधाचं देऊ नका. मी हे दोनदा गाडी धुऊन शिकले. घाटाआधी कोरडी दशमी, थोडे कुरमुरे किंवा केळं, बस. दशम्या-धपाटे हे आपल्या आज्यांनी प्रवासासाठीच शोधलेलं अन्न आहे. दुधात मळलेली दशमी दिवसभर मऊ राहते, सोबत दाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. माझ्या सासूबाई मूळच्या परभणीकडच्या, त्या अजूनही प्रवासाच्या आदल्या रात्री दशम्यांचा डबा भरतात. फूड मॉलवर आम्ही फक्त ताक आणि गरम उपमा घेतो, बाकी डबा उघडतो. पन्नास जण बघत असतात, बघू देत.

आजी-आजोबा, आणि ‘एवढंसं दिलं तर काय होतं’

सोबत मोठी माणसं असली की खरी कसोटी लागते. आजोबा नातवाला कोल्ड्रिंक पाजतात कारण त्यांना त्याचं कौतुक असतं. ते टेबलावर सगळ्यांसमोर अडवू नये. त्यांचाही अपमान होतो आणि मुलाला कळतं की इथे ताणाताणी करायला वाव आहे. घरून निघताना बोलून ठेवावं: “बाबा, आज त्याला काय घेऊन द्यायचं ते तुम्हीच ठरवा, पण शहाळं किंवा कुल्फी, दोन्हीतलं एक.” माझ्या सासऱ्यांना हे फार आवडलं. आता कुल्फी हा त्यांचा आणि नातवंडांचा खास कार्यक्रम झालाय, आणि कोल्ड्रिंकची आठवणही निघत नाही.

आणि हो, सगळी काटेकोर शिस्त प्रत्येक वेळी नको. तीन-चार महिन्यांतून एकदा बाहेर जाणाऱ्या घरानं मनसोक्त खावं. पण शहरात आता आठवड्याला एकदा, कधी दोनदा बाहेरून जेवण येतं. हे सगळं त्या घरांसाठी आहे, माझ्या घरासकट.

घरी आल्यावर

उरलेलं बांधून आणलं तर आल्या आल्या फ्रीजमध्ये ठेवा, गाडीत विसरू नका. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेला भात आणि मांसाहार मुलांना देऊ नये. दुसऱ्या दिवशी देताना वाफा येईपर्यंत गरम करावं, आणि एकदाच. रात्री पाणी थोडं जास्त पाजावं, बाहेरच्या जेवणात मीठ चढतंच. सकाळी मी मुद्दाम मऊ भात, मेतकूट आणि तूप देते. परवा धाकटा ते कालवताना म्हणाला, “आई, हे हॉटेलात मागितलं तर देतील का गं?” पुढच्या वेळी विचारून बघू म्हटलं.